रुसव्याची कॅसेट

आमच्या कळंबच्या तात्यांनी हयातभर लग्नाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवला. पितळी नळी पुढं सरकवली की ते वाद्य रडायचं, मागं ओढली की खदखदा हसायचं. हळदीच्या, वरातीच्या, पाठवणीच्या चाली त्यांच्या स्वतःच्या. बँडमध्ये कुणी काय वाजवायचं, हेही तेच बसवायचे. आता पुढचे दात गेले, फुंक टिकत नाही. एकदा म्हणाले, "माझं वाजवणं मी बाहीरनं कधी ऐकलंच न्हाय."

एवढंच ना, म्हणून मी इंदापुरापासून बारामतीपर्यंत ओळखीच्या घरांतून लग्नाच्या कॅसेटी गोळा केल्या. सगळ्यांत तात्या होते. गाल फुगलेले, नळी मागंपुढं, आणि आवाज मात्र सिनेमातल्या गाण्याचा. आपल्याकडची रीतच ती. शूटिंगवाला बँड पुसतो आणि वर गाणी चढवतो. तात्या प्रत्येक लग्नात मुके.

गाणी न चढवलेली कॅसेट एकच होती, माझ्या लग्नाची. ती माझ्या मामांच्या कपाटात कुलूपबंद. त्या लग्नात मामांच्या आधी सासरच्या मामाला फेटा बांधला गेला, आमचे मामा रुसून मांडवाबाहेर चालू लागले, आणि शूटिंगवाला नवरा-नवरी सोडून त्यांच्या मागं लागला. दुसऱ्या दिवशी मामांनी त्याच्याकडून कॅसेट काढून घेतली, ती आजतागायत.

मी फेटा आणि नारळ घेऊन मामांकडे गेलो. त्यांनी फेटा बांधून घेतला, आरशात दोन्ही बाजूंनी पाहिला, मग अट घातली: कॅसेट मिळेल, पण नजरेआड होणार नाही. म्हणून मामा फेट्यासकट जीपमध्ये पुढं, तात्या मागं, अशी आमची वरात बारामतीला निघाली. जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर घालून देणारं एक दुकान आहे तिथं.

वाटेत चहाला थांबलो, तर तात्यांनी मला टपरीमागं ओढलं.

"एक सांगायचं राहिलं. त्या दिशी मी मामांच्या रुसण्यावरच चाल बांधली हुती."

माझा चहा तसाच राहिला. मामांना कळलं, तर कॅसेट परत कपाटात जाणार आणि तात्या काही स्वतःला ऐकणार नाहीत.

दुकानात पडद्यावर मामा निघाले. त्यांच्या पावलागणिक ट्रॉम्बोन धप्प धप्प. कुणी समजूत काढायला येतंय का म्हणून ते थबकून मागं बघायचे, की नळी लांबच लांब कण्हायची. कुणीच नाही म्हणून उपरणं झटकलं, की ती खिंकाळायची. तात्या डोळे मिटून ऐकत होते. मी मामांचा फेटा बघत होतो. तो हळूच वळला.

"हे माझ्यावर वाजवलं व्हय?"

तात्या उठून उभे राहिले. "व्हय, पाव्हणं."

मामांनी पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

"त्या दिशी घरचं एक माणूस मागं आलं न्हाय," ते म्हणाले. "तुमचं वाजाप तेवढं आलं."

मग फेटा सारखा केला आणि दुकानदाराला सांगितलं की पहिल्यापासनं लाव, आवाजही वाढव.

माझ्या डोक्यावर पडलेल्या अक्षता बघायच्या त्या दिवशीही राहिल्याच.