राखेतला मणी

आमच्या रसायनाच्या मास्तरांना जगात तीनच जाती दिसत: मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण. मिश्रण साध्या युक्तीने वेगळं करता येतं, संयुगाला ती युक्ती पुरत नाही, आणि मूलद्रव्य कितीही छळा, आपला धर्म सोडत नाही, असं ते सांगत. मी घरी येऊन सगळ्यांची वाटणी करून टाकली. आमटी मिश्रणात, पाणी संयुगात. आत्यालाही मिश्रणात घातलं, तेव्हा पाठीत धपाटा बसला.

महायुद्ध चालू होतं. नगरच्या कचेरीत कारकून असलेल्या माझ्या वडिलांनी एका संध्याकाळी जाहीर केलं, "पुरे झाली शाळा. उन्हाळ्यात हिचं नाव काढून टाकू." मी दोन दिवस रडले. मला मॅट्रिक व्हायचं होतं, आणि तेही शास्त्र घेऊन. आई एका शब्दाने बोलली नाही, याचा मला फार राग आला.

तिसऱ्या दिवशी भांडी घासताना आईचं मंगळसूत्र वाढलं. वाट्या सापडल्या, काळे मणी सापडले, पण सासरकडून आलेला सोन्याचा एक मणी राखेच्या ढिगात गडप झाला.

"मिश्रण आहे, मी वेगळं करते!" म्हणून मी चाळण घेऊन बसले. तासाभरात माझ्या नाकातोंडात राख गेली, पण चाळणीत उरलेल्या कोळशाच्या खड्यांत मणी काही ओळखू आला नाही. शेवटी आईने सराफबाजारातून झारेकरणीला बोलावलं. सोनारांच्या दुकानांपुढची धूळ धुऊन ती सोन्याचे कण काढायची. आई स्वयंपाकघरात निघून गेली आणि मी परसात झारेकरणीजवळ बसले.

तिने पसरट लाकडी काथवटीत राख घेतली, पाणी ओतलं आणि गोल गोल हलवत राहिली. राख पाण्याबरोबर वाहून गेली, जड मणी तळाशी राहिला. मास्तरांना आठवडाभर फळ्यावर जमलं नव्हतं ते तिने दहा मिनिटांत केलं. मग सवयीने तिने मणी कसोटीच्या दगडावर घासला, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला. रेघ पुसली गेली.

"पोरी, ह्ये सोनं न्हाई," ती हळूच म्हणाली. "वरनं मुलामा हाय, आत पितळ. आईला सांगू नगंस, लई वाईट वाटंल तिला."

मी आईला सांगितलं नाही. मणी मुठीत धरून थेट ओसरीवर वडिलांसमोर उभी राहिले.

"बाबा, सोनं मूलद्रव्य असतं आणि पितळ म्हणजे तांबं-जस्ताचं मिश्रण. आईला पण शिकवू का हे?"

वडिलांनी मण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उपरण्याने कपाळ पुसलं.

"आईला कशाला त्रास देतेस?" ते म्हणाले. "तू शीक. मॅट्रिकपर्यंत शीक."

मी मॅट्रिक झाले, पुढे शास्त्राची शिक्षिकाही झाले. वडील गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मनाला टोचणी लागली, म्हणून आईजवळ सगळं कबूल केलं. ती पदर तोंडाला लावून हसली.

"अगं, इतकी वर्षं गळ्यात वागवला. सोन्याचं वजन मला कळत नाही होय? मी बोलले असते तर नुसतं भांडण झालं असतं. तुझी जीभ मला ठाऊक होती."

"आणि मणी हरवलाच नसता तर?"

"हरवला कुठे?" आई म्हणाली. "दोरा मीच तोडला होता."