द्राक्षांचे सुके बोंबील

माझ्या हातच्या स्वयंपाकाबद्दल मला स्वतःला कधीच शंका नव्हती. लग्नाआधी पालघरला दहा माणसांचं मी सहज रांधायचे आणि जेवणारे गप्प बसून जेवायचे. त्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला होता.

लग्न होऊन पाम गावी आले तेव्हा तारापूरला अणुवीजकेंद्र बांधायचं काम जोरात चाललं होतं आणि आमचे हे तिथे पाइप जोडणाऱ्या टोळीवर सुपरवायझर होते. सासरे निवृत्त मास्तर, दारूबंदीवर गावात भाषणं केलेले. आणि सासूबाई. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या कालवणाला, भाकरीला आणि साध्या भातालासुद्धा नावं ठेवली. भाताला काय नावं ठेवायची असतात? पण त्यांना सापडायची. मी मनात म्हणायचे, ठेवा, ठेवा. एक दिवस माझ्याच हातचं मागून खाल.

तो दिवस यायच्या आधी त्यांना टायफॉइड झाला. ताप उतरला, अंगात थोडी ताकदही आली, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. काहीही वाढा, दोन घास खायच्या, ताट सरकवायच्या आणि म्हणायच्या, "बरं हाय." एकदा मी डाळीत मीठच घातलं नाही. बाकीच्यांनी वाटीत बोट घालून माझ्याकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं हाय."

त्या दिवशी मी चुलीपाशी बसून रडले. आधी नावं ठेवतात म्हणून रडायचे, आता ठेवत नाहीत म्हणून. माणसाला काहीतरी एक ठरवता आलं पाहिजे, पण मला नाही आलं.

सासूबाईंच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या तशी शेजारच्या काकींनी मला विहिरीवर गाठलं.

"काय गं, सासू वाळत चालली की तुझी. तू आलीस नि तिचं जेवान गेलं. पालघरला तुमाला शिकवतात तरी काय?"

"रांधायला शिकवतात, काकी. दुसऱ्याच्या ताटात बघायला नाही शिकवत," असं मी सडेतोड उत्तर दिलं. म्हणजे घरी आल्यावर, एकटी असताना, कळशीला. विहिरीवर मी नुसती हसले.

सासऱ्यांचा उपाय चालू होताच. बोईसरहून आणलेलं द्राक्षासव, दोन चमचे, तेवढंच पाणी, जेवणानंतर. भूक लागावी म्हणून जेवणानंतर का, हे विचारायची माझी छाती नव्हती. गुण मात्र येत नव्हता.

अशात एका रविवारी ह्यांनी कामावरचा एक इटालियन वेल्डर जेवायला बोलावला. आडदांड माणूस, मिशा तांबूस, आणि साइटवर शिकलेलं हिंदी धडाधड बोलणारा. आम्ही सुकं मटण, तांदळाच्या भाकऱ्या आणि तोंडी लावायला भाजलेले सुके बोंबील केले होते. सासूबाईंची खाट माजघरात, पंगतही तिथेच. पाहुण्याने आल्या आल्या पिशवीतून एक काळीभोर बाटली काढून सासऱ्यांच्या हातात दिली. गावाकडून बापाने पाठवलेली, म्हणाला.

सासऱ्यांनी ती अशी धरली की जणू तिला शेपूट आहे.

"अरे, ही दारू आहे?" त्यांनी ह्यांना विचारलं. "माझ्या घरात?"

"बाबा, त्याच्याकडे परवाना आहे," हे म्हणाले.

"परवाना त्याच्याकडे. घर माझं आहे."

पाहुण्याला शब्द कळले नसतील, पण आवाज कळला. तो घाईघाईने सांगू लागला. "बाबूजी, ये अंगूर है. खाली अंगूर. पहले अंगूर सोता है. पूरा ठंडी सोता है, बांबू पर, घर का ऊपर. पानी जाता है, ताकत रहता है. फिर दबाता है."

"म्हणजे मनुका!" सासऱ्यांचा चेहरा एकदम उजळला. ते उठले, कपाटातून द्राक्षासवाची बाटली आणली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. "मनुकांचं आसव. औषधच आहे हे. आपल्याकडे शेकडो वर्षं चालत आलंय." त्यांनी चमचा मागवला आणि पाणीही.

पाहुण्याने पाण्याचा तांब्या पाहिला आणि दोन्ही हात आडवे केले. "पानी नहीं! बाबूजी, पानी नहीं!"

"अरे, त्याला समजाव. मात्रा असते औषधाला."

एकीकडून तांब्या आणि दुसरीकडून दोन तांबूस हात, असं ते चाललं होतं. शेवटी पाहुण्याने ताटातला बोंबील उचलून उंच धरला. "बाबूजी, ये मच्छी देखो. गीला मच्छी अलग, सूखा मच्छी अलग. ऐसा अंगूर. सुखाया, अब फिर पानी काय को?"

त्यावर खाटेवरून आवाज आला. "म्हणजे द्राक्षांचे बोंबील केले ह्याने. आन इकडे, बघू."

सासूबाईंनी आपण होऊन काही मागितल्याला बरेच दिवस झाले होते. सासऱ्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मी फुलपात्रात थोडी ओतून दिली, बिनपाण्याची. त्यांनी घोट घेतला आणि तोंड असं वाकडं केलं की मी फुलपात्र परत घ्यायला हात पुढे केला.

"कडू हाय," त्या म्हणाल्या. मग जीभ टाळ्याला लावून बसल्या. "नाय. थांब. मागून गोड येतंय. मनुका हाय, खजूर हाय... आनि जांभलाची साल." दुसरा घोट घेतला. "मिरीपन लागते कुठंतरी. तू घे गं. रांधनाऱ्या बाईला चव कळायला नको?"

सासऱ्यांसमोर मी! पण त्यांनी आधीच आपल्या पेल्यात निम्मं पाणी घालून "उत्तम आसव" असा निकाल दिला होता, आणि पाहुण्याने डोळे मिटून घेतले होते. तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून मी एक घोट घेतला. तो मला अजून आठवतो. आधी वास आला, भिजवलेल्या काळ्या मनुकांचा आणि जुन्या गुळाचा. मग जीभ तुरट, खरखरीत झाली. आणि मग दाट, ऊबदार असं काहीतरी सावकाश घशाखाली उतरलं आणि छातीत बसून राहिलं. गोड म्हणावी तर साखर नव्हती, कडू म्हणावी तर सोडवत नव्हती. मी आणखी एक घोट घेतला, खात्री करायला. वाइनमधलं मला कळतं, असं तेव्हापासून मी घरात ठामपणे सांगत आले आहे. कुणी खोडून काढलेलं नाही, कारण दुसरं कुणी पीत नाही.

"ह्यासंगती मटन वाढ जरा," सासूबाई म्हणाल्या.

मी वाढलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, मटणाला लावला, तोंडात घातला आणि सावकाश चावला. हे जेवायचे थांबून आईकडे बघत होते. घास गिळून झाल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"खोबरं नीट भाजलं नायस."

"हो, आई."

"मीठ कमी हाय. आनि मसाला कच्चा लागतो. घाई कसली असते गं तुला? हे काय मटन हाय? पाव्हन्याला काय वाटेल?"

पाव्हणा तिसरी भाकरी खात होता. हे खाली मान घालून बसले, मी आता रडते की काय म्हणून. मी रडले नाही. मी त्यांच्या ताटात आणखी चार तुकडे वाढले, वर भांड्याच्या तळचा मसाला घातला. त्यांनी नको म्हटलं नाही, हातही आडवा केला नाही. एक घोट, एक घास, आणि मध्ये माझ्या मसाल्याचा उद्धार. आलं जाडं राहिलंय, कांदा करपलाय. सगळं खरं होतं, असं मी आता म्हणू शकते. भाकरी संपली तसा त्यांनी ताटावरून हात फिरवला आणि ओरडल्या, "अगं, भाकरी आन की! उभी काय राह्यलीस?"

मी चुलीकडे पळाले. तव्यावरची भाकरी तेवढ्यात एका बाजूने लागली होती. मी ती तशीच नेऊन त्यांच्या ताटात वाढली, कारण आता त्यांना ते कळणार होतं.