पाय मोकळे

आळंदच्या स्टँडवर संध्याकाळची बस लागली की ती बाई आधी खिडकीतून पिशवी टाकून सीट धरायची. साडीवर तूरडाळीची पिवळी भुकटी. एकदा बसून डोळे मिटले की तिचं गाव येईपर्यंत ते उघडायचे नाहीत. मी शाळेतली बाई, दिवसभर फळ्यापुढं उभी, आणि बसमध्येही बहुतेकदा उभीच. मला तिचा रागच यायचा.

परवा मात्र तिनंच हाक मारली. "इकडं या अक्का, बसा."

"आणि तुम्ही?"

"मी आज दिवसभर बसूनच हाय की!" मग हसत सांगू लागली. डाळमिलमध्ये चालत्या पट्ट्यावरच्या डाळीतले खडे वेचायचं तिचं काम, आणि तेही उभ्यानंच. नव्या मॅनेजरनं मालकाला सांगितलं की उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी लागते, तसा कायदाच आहे.

"मालक म्हनला, मला आधी कामून सांगितलं न्हाई? आमाला तरी कुठं ठावं होतं! आता स्टुलं आल्यात."

"बसल्यावर डुलकी नाही लागत?"

"छे! एक खडा सुटला तर स्टूल बदनाम व्हतंय. डोळ्यांत तेल घालून बसायलोत आमी."

पुढच्या गावाला अर्धी बस रिकामी झाली. मी शेजारची सीट दाखवली. ती दांडी धरून तशीच झुलत राहिली.

"ऱ्हाऊ द्या अक्का. बसून बसून आखडलेत, जरा पाय मोकळे होऊ द्या."