कण्हेरीखालचा वाळूचा खड्डा

अंगणात सिमेंट घालायचं, असं बाबांनी जेवताना जाहीर केलं. विचारलं नाही, जाहीर केलं. रविवारी मेस्त्री येणार आणि गेटपासून पायरीपर्यंत सगळं एकसारखं करून जाणार.

कुकटपल्लीतल्या आमच्या गल्लीत माती उरलेलं अंगण आमचंच. बाकीच्यांनी कधीच फरशी नाहीतर सिमेंट घातलं, आणि आता पाणी तुंबलं की एकमेकांच्या नावाने ओरडतात. मी त्या दिवसांत कॉलनीच्या पार्कसाठी पत्रकं वाटत फिरत होते. पार्कची जागा बांधकामाला देऊ नका, पोरांना मातीत खेळू द्या. हे दारोदार सांगायचं आणि घरी येऊन सिमेंटवर चपला काढायच्या? डोकंच फिरलं माझं.

आणि कशासाठी? ताई नोकरीसाठी परत आमच्याकडे राहायला आली होती. सोबत तिची चार वर्षांची लेक आणि बसस्टॉपपासून त्यांच्या मागे लागलेली एक तपकिरी कुत्री. दोघी दिवसभर अंगणात. त्यांच्या मातीच्या पायांचे ठसे बाबांना हॉलमध्ये नको होते. बस, एवढंच कारण.

मग मी काय केलं? बोलले नाही. पत्रक काढलं. वर अंगणाचा नकाशा, खाली मागण्या. कुत्री भिंतीच्या कडेकडेनेच फेऱ्या मारते, तेव्हा ती कड मोकळी ठेवा. गेटखालच्या फटीला जाळी लावा. पोरीला वाळूचा खड्डा, मांजरांनी घाण करू नये म्हणून झाकणासकट. सिमेंट अजिबात नाही. खड्डा सावलीत हवा, आणि अंगणात सावली एकच होती, आईच्या कण्हेरीची. सोमवारी महादेवाला तिचीच फुलं जायची. तिथं मी गोल काढला आणि कागद फ्रिजवर चिकटवला.

बाबा सरकारी खात्यातून रिटायर. संध्याकाळी बघते तर कागदावर लाल पेनाने शेरे. जाळीपुढे ‘मान्य’. सिमेंटपुढे ‘अमान्य’. खड्ड्यापुढे ‘कण्हेरीखाली? चर्चा करावी.’

चर्चा करावी म्हणजे फाईल दाबावी, एवढं मला ऑफिसांच्या चकरा मारून कळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी भर दोन वाजता मी बाबांना शेजाऱ्यांच्या सिमेंटवर अनवाणी उभं केलं. म्हटलं, "दहा मोजा. कुत्रीच्या पायांना काय होत असेल बघा."

चौथ्या आकड्याला त्यांनी उडी मारली. "पोरगी आहेस का पोलीस?"

"ठरलं मग?"

"रविवारपर्यंत बघू. पण ते कण्हेरीचं..."

"बाबा, आता फाटे फोडू नका."

मी खड्डा खणला, वाळू आणली, फोटोसुद्धा काढला.

शनिवारी भाचीने खड्ड्याच्या काठावर हॉटेल टाकलं.

"आज स्पेशल काय?" मी पायरीवरून विचारलं.

"पालक पप्पू!"

मी हसून मोबाईलमध्ये डोकं घातलं. पालक पप्पू म्हणजे इकडची पालकाची डाळ. तिचा पालक म्हणजे कण्हेरीची पानं होती, बारीक तोडलेली, आणि ती सकाळच्या उरलेल्या दहीभातात कालवलेली. कुत्रीने भात म्हणून वाटी चाटली. थोड्या वेळाने ती दोनदा ओकली आणि पाय थरथरत आडवी झाली. बाबा बाहेर आले, वाटी पाहिली आणि ओरडले, "अगं, कण्हेर आहे ही! विष असतं! ढोरंसुद्धा तोंड लावत नाहीत हिला!"

ताईने पोरीचं तोंड धुतलं, हात धुतले आणि तिला उचलून दवाखान्यात पळाली. मी आणि बाबा कुत्रीला घेऊन ऑटोत बसलो.

"क्या खिला दिए इसको?" ऑटोवाल्याने आरशातून विचारलं.

"हमारी गलती है भाई, जल्दी चलो," बाबा म्हणाले. हमारी. मी बाहेर रस्त्याकडे तोंड केलं.

"मला सांगितलं का नाही?" मी विचारलंच.

"दोनदा सांगितलं. एकदा लिहून." मग म्हणाले, "आम्ही तरी कुठले शहाणे? गावाकडे ढोरं खात नाहीत म्हणून बांधावर लावायचे. इथं आणून दारात लावली, देवाला फुलं होतात म्हणून."

संध्याकाळपर्यंत सलाईन चाललं. कुत्री वाचली. पोटात फार गेलं नव्हतं. पोरीने तर खाल्लंच नव्हतं. डॉक्टरांना म्हणाली म्हणे, "मी हॉटेलवाली आहे. गिऱ्हाईक ती."

ताई हसली नाही. "बाबा, सिमेंट घाला. सगळीकडे घाला." मग माझ्याकडे वळली. "कॉलनीच्या पोरांचं तू बघ. माझ्या पोरीचं मी बघते."

हजार लोकांसमोर तोंड बंद न होणारी मी रात्रभर कूस बदलत राहिले.

रविवारी मेस्त्री आला, तेव्हा आई पूजेची परडी घेऊन बाहेर आली. "कुदळ आणलीय ना? आधी ही कण्हेर काढा."

"आणि महादेवाला?" बाबा म्हणाले.

"बेल वाहीन. घरात लेकरू आहे."

मेस्त्री वैतागला. "साब, झाड निकालना या सिमेंट डालना? एक बात बोलो."

बाबांनी ताईकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. आणि तेच बरोबर होतं.

ताई पायरीवर उभी होती. कुत्री तिच्या पायाशी, अजून अशक्त. "झाड काढा, मुळासकट," ती म्हणाली. "सिमेंट फक्त स्कूटर लावण्यापुरतं. बाकी मी स्वतः बघितल्याशिवाय काही ठरवायचं नाही."

कण्हेर गेली. फांद्या बाबांनी पोत्यांत कोंबून तोंडं घट्ट बांधली, वाळल्यावर रस्त्यावरच्या गाईंनी भुलून खाऊ नये म्हणून. अंगण एकदम उघडं पडलं, सगळीकडे ऊन. ताई गुडघ्यांवर बसली, पोरीच्या उंचीला आली आणि भिंतीपासून एकेक रोप तपासायला लागली. तिच्या मागे घमेलं घेऊन मी.

"हे काय आहे?"

"तुळस."

"आणि हे?"

"माहीत नाही."

"काढ."

मी उपटलं. माझी मागणी मान्य झाली होती, माती राहिली होती, आणि माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. इतकी वर्षं राहूनही या अंगणातली निम्मी झाडं मला ओळखता येत नव्हती.

"हे?" ताई पुढे सरकली होती.

"माहीत नाही," मी म्हटलं आणि घमेलं पुढे ओढलं.