धनेशाच्या झाडाखाली

ताईला सातवा महिना लागला, तशी तिला बाळंतपणासाठी आमच्या माले गावी आणायला आई निघाली. सोबतीला मी. दाजी वनरक्षक होते, मुरूडच्या बाजूला, समुद्रकाठच्या जंगलात. ते जंगल नुकतंच अभयारण्य झालं होतं. होळी होऊन गेली होती. एसट्या बदलत आम्ही दिवस मावळायला त्यांच्या कौलारू खोलीवर पोचलो.

सकाळी दाजींनी आम्हाला माळावर नेलं. गवत वाळून पिवळं पडलेलं, खाली नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. आई तो पहिल्यांदाच बघत होती. कपाळावर हात आडवा धरून बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "आपल्या धरणावाणीच हाय की. पल्याडचा काठ तेवढा दिसत न्हाई."

दाजी मोठ्यानं हसले. जवळच्या झाडावरचं शेकरू त्या आवाजानं दचकलं आणि खडखडाट करत वरच्या फांदीवर पळालं.

माळ उतरल्यावर गर्द झाडी लागली. एका डबक्याच्या चिखलात सांबराची ताजी पावलं उमटली होती. ताई सावकाश चालत होती, पण वाट तिच्या पायाखालची होती. एका जुन्या झाडापाशी तिनं आम्हाला खाली बसवलं आणि बोटानं वर दाखवलं. खोडातली ढोली लिंपून बंद केलेली, मधे नुसती एक फट.

"धनेशाची मादी हाय आत," ती कुजबुजली. "सोताला कोंडून घेतलंय तिनं. अंडी उबवती."

"आन् खाती काय?" आईनं विचारलं.

तेवढ्यात पंखांचा मोठा घरघराट झाला. पिवळ्याधमक चोचीचा नर फांदीवर येऊन बसला. त्यानं गळ्यातून एकेक उंबर वर काढलं आणि फटीतून आत दिलं. आतली चोच बाहेर येई, फळ घेई, पुन्हा आत जाई. आम्ही श्वास रोखून बघत होतो. नर उडून गेल्यावरही आई तिथून हलेना.

परतताना ताईनं मनातलं बोलून टाकलं. "आई, मला न्हाई यायचं. मला हितंच ऱ्हायचंय."

मला वाटलं, आता आई भडकणार. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, हे तिनं गावभर सांगून ठेवलं होतं. पण खोलीवर आल्यावर तिनं दाजींना विचारलं, "दवाखाना किती लांब हाय?"

"रस्त्याला एसटी मिळती, मामी. वेळ आलीच तर आमच्या सायबांची जीप हाय."

"मग मीच ऱ्हाते हितं. लोकं काय म्हनायचं ते म्हनू द्यात."

ताई रडायला लागली आणि रडता रडता हसलीही. दाजींनी घाईघाईनं चहा टाकला, तो इतका गोड झाला की कुणालाच पिववेना.

मी एकटीच माघारी आले आणि बाबांना भाकऱ्या करून घालू लागले. पावसाच्या तोंडाशी निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

सव्वा महिना झाल्यावर आई परतली, उन्हानं रापलेली आणि खुशीत. धनेशाचं पिल्लू ढोलीतून बाहेर आलेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. नातीच्या आधी तिनं त्याचंच वर्णन केलं. मग पिशवीतून सुकट काढून चुलीवर भाजली. घरभर वास सुटला. बाबांनी नाक मुरडलं, पण पानात पडल्यावर मुकाट खाल्ली आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.