कार्डिफची बेलिफ वहिनी

रविवारी सकाळी इथल्या मराठी मंडळाच्या विष्णूचा फोन आला आणि माझं जे डोकं सटकलं, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. म्हणाला, "माधव, तुझ्या वहिनीला सांग, आपल्याच माणसाला मराठीत बोलून अडकवणं शोभत नाही." शोभत नाही म्हणे. त्या माणसाची बायको देविका सहा आठवडे जीव मुठीत धरून बस स्टॉपवर उभी राहत होती, तेव्हा याला शोभण्याबिभण्याची आठवण झाली नव्हती.

सुचेतावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. इथल्या कोर्टात बेलिफ आहे. आधी त्याच कोर्टाच्या दारावर सिक्युरिटीला होती. बॅगा उघडून बघायची, "किल्ल्या ट्रेमध्ये ठेवा" हे दिवसातून दोनशे वेळा सांगायची. मग कोर्टाचे कागद लोकांच्या हातात नेऊन द्यायचं काम घेतलं. एकदा कुत्रं पोटरीला चावलं, एकदा कोणीतरी वरच्या खिडकीतून बादली ओतली. मंडळात मात्र ती "सरकारी नोकरी" एवढंच सांगते, कारण बेलिफ म्हटलं की आपले लोक नाकं मुरडतात. मला त्याचीही चीड येते.

कामाचं ती घरी कधी बोलत नाही. ही गोष्ट त्या डॉक्टरनेच गावभर केली, म्हणून तिने सांगितली.

डॉक्टर चंद्रशेखर. वर्षभरापूर्वी बायकोला घेऊन कार्डिफला आलेला. बायको देविका, नर्स. मारहाण सोसून सोसून शेवटी नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडली. कोर्टाने ऑर्डर दिली, की याने तिच्या आसपास फिरकायचं नाही, फिरकला तर अटक. पण ऑर्डर त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत ती नुसता कागद. हा रोज संध्याकाळी तिच्या हॉस्पिटलसमोरच्या स्टॉपवर येऊन उभा. बोलायचा नाही, नुसता बघायचा. पोलीस म्हणायचे, त्याला आधी कागद मिळू दे.

वहिनीचा सहकारी गॅरेथ दोनदा त्याच्या घरी गेला. दार उघडणारा माणूस दोन्ही वेळा म्हणाला, मी धाकटा भाऊ, डॉक्टर पुण्याला गेलाय. देविकाजवळ फोटो नव्हता. वर्णन काय, तर मध्यम उंची, चष्मा, मिशी. मंडळातले निम्मे पुरुष तसेच दिसतात, मी धरून. गॅरेथ हात हलवत परत आला. बरं, देविकाने स्टॉपवर त्याला पाहिलंय हे फायलीत लिहिलेलं होतं. पण फाईल वाचायचे कष्ट कोण घेणार?

शुक्रवारी सकाळी वहिनी स्वतः गेली. तोच माणूस, तेच इंग्रजी उत्तर. वहिनीने मराठीत विचारलं, "तुम्ही धाकटे का?"

त्याचा चेहरा खुलला. "अरे वा, तुम्ही आपल्यातल्या? या ना, चहा घ्या."

"चहा नको. तुमच्या वहिनींचे कागद होते. कोर्टापर्यंत जायला नको होतं हे, नाही का?"

"अहो, हिला सवयच आहे राईचा पर्वत करायची," तो म्हणाला. "कोणीतरी भरवलंय हिच्या डोक्यात."

वहिनी जागची हलली नाही. मी तिचा दीर. तीस वर्षं तिला वहिनी म्हणतोय. भांडलोय, दोन महिने अबोला धरलाय, पण तिला 'ही' म्हणायला माझी जीभ वळणार नाही. 'ही' म्हणतो तो नवरा. बिचाऱ्या गॅरेथला हे कुठून कळणार?

"दीर वहिनीला 'ही' म्हणत नाहीत, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली.

त्याने हात पाठीमागे घेतले. तिने पाकीट त्याच्या पायाशी पायपुसण्यावर ठेवलं आणि ऑर्डर त्याला मराठीत समजावून सांगितली, शब्दन् शब्द. स्टॉपचं नाव दोनदा उच्चारलं. मग घड्याळ बघून वेळ लिहून घेतली, नऊ वाजून दहा मिनिटं. हातात घेतला नाही, तरी कायद्याने कागद त्याला मिळाला. तरी हा शहाणा त्या संध्याकाळी स्टॉपवर गेलाच. बायकांच्या कागदाला कोण भितो? पोलिसांनी तिथल्या तिथे गाडीत घातला.

यावर आमचा विष्णू म्हणतो, चांगल्या घरातला माणूस, समजुतीने मिटलं असतं. मी त्याला विचारलं, सहा आठवडे होते, कोणी गेलात का समजूत घालायला? तर फोन ठेवून दिला. ठेव. यंदा मंडळाच्या गणपतीला खुर्च्या उचलायला मला बोलवू नकोस म्हणावं.

सोमवारी देविकाचा कोर्टात फोन आला. तिने वहिनीला विचारलं, "ओळखलंत कसं त्याला?"

वहिनीने तो शब्द सांगितला.

देविका म्हणाली, "अकरा वर्षांत त्याने मला एकदाही नावाने हाक मारली नाही. ती सवय असती, तर सुटला असता."