उजवीकडच्या शेपट्या

"काच फिरवून बघ म्हटलं तर तुझं काय बिघडतं?"

"बिघडतं! फिरवताना तिच्यावरचा थर फाटला म्हणजे? तू भरून देणार?"

"फाटला तर दुसरा वाढव. जंतूच आहेत, नवसाची पोरं नाहीत!"

"तू ना, नुसता शंकासुर आहेस."

शेजारच्या टेबलावरच्या या मित्राला अख्खी प्रयोगशाळा शंकासुरच म्हणे. आणि ती जंतूवाली. मावशी भेटली की विचारायची, "अगं, अजून जंतूच का?" आई मात्र ऐटीत सांगायची, "नळीच्या आत बुळबुळीत थर बसतो ना, तो आमची लेक हात लावून बघते!"

तसं ते खरंच होतं. अणुबल सूक्ष्मदर्शक काही डोळ्यांनी बघत नाही. त्याची केसाहून बारीक सुई जंतूंच्या थरावरून चाचपडत जाते आणि तिच्या चढउतारांचं चित्र पडद्यावर उमटतं.

त्या चित्रात तिला प्रत्येक जंतूला शेपटी दिसली होती. शेपट्यांनी ते एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून थर सुटता सुटत नाही, हा तिचा शोध. सर परिषदेत त्यावरच बोलणार होते. तिथे चित्र आजच पाठवायचं होतं. तिची सगळी पीएचडी त्या शेपट्यांना लटकलेली.

"पण सगळ्या उजवीकडेच कशा गं?" शंकासुराचा आवाज आता खाली आला. "सुईच बरबटली असेल तर ती दिसेल त्याला शेपूट चिकटवत सुटणार. काच फिरव. शेपट्या खऱ्या असल्या तर काचेबरोबर फिरतील."

तिला काय हे माहीत नव्हतं? माहीत होतं म्हणून तर टाळत आली होती.

तिने चिमट्याने काच उचलली, काटकोनात फिरवून ठेवली. सुई टेकली. चित्र रेघेरेघेने खाली उतरू लागलं. नखं कुरतडायला बोट तोंडाशी गेलं, हातमोजा दिसला तसं झटक्यात खाली आलं.

मघाशी आडवे असलेले जंतू आता उभे होते. शेपट्या?

उजवीकडे. एकूण एक.

शंकासुराने मान खाली घातली.

तेवढ्यात दार ढकलून सर आले, स्वारी खुशीत. "काय म्हणतात आपले शेपटीवाले? पाठवलंस ना चित्र?"

तिने पडदा सरांकडे वळवला, हातमोजे ओरबाडून काढले आणि ती दाराकडे निघाली.

"अगं, मी काय विचारतोय?"

दार तिच्यामागे हलत राहिलं.